फौजेतून पेन्शन आल्यावर: कोल्हापुरात नोकरी शोधताना आणि मनाची घालमेल आवरताना

कोल्हापूर जिल्ह्यात फौजी नाही असं गाव शोधूनही सापडायचं नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. गडहिंग्लज, चंदगड, आजरा, भुदरगड, कागल, कुठंही जा, पस्तीस-चाळिशीतला एक तरी गडी नुकताच पेन्शन आलेला, म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, भेटतो. पहिला महिना सत्कार, जेवणावळी, जोतिबा आणि अंबाबाईचं दर्शन यात जातो. दुसऱ्या महिन्यात पहाटे चारला जाग येते आणि करायला काहीच नसतं. छातीत धडधड, विनाकारण चिडचिड आणि "आता पुढं काय?" हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

ही घालमेल आणि नोकरीचा शोध हे दोन वेगळे विषय मानले की दोन्ही बिघडतात. धास्तीपोटी माणूस मिळेल ती पहिली नोकरी धरतो, ती तीन महिन्यांत सुटते आणि धास्ती दुप्पट होते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग पैसा, मग झोप आणि दिनक्रम, आणि त्यानंतर अर्ज. आधीच्या तीन गोष्टी जागेवर आल्या की चौथी निम्म्यानं सोपी होते.

कागद: युनिट सोडण्याआधी

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती नावात. सर्व्हिस रेकॉर्डला आडनाव आधी, आधारला नाव आधी, दहावीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात "राव" आहे तर पॅनवर नाही. बायकोचं माहेरचं नाव रेकॉर्डला तसंच राहिलेलं, मुलाच्या जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. नोकरीत असताना ही दुरुस्ती युनिटच्या क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे रेकॉर्ड बदलणाऱ्या युनिटच्या लेखी आदेशानं, होते. घरी आल्यावर त्याच कामाला प्रतिज्ञापत्र, जाहिरात आणि रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार लागतो. डिस्चार्जला वर्षभर असतानाच स्वतःचं, पत्नीचं, मुलांचं आणि आईवडिलांचं आधार, पॅन, बँक पासबुक आणि सर्व्हिस रेकॉर्ड समोरासमोर ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. पत्नीचं नाव आणि जन्मतारीख पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, चुकली तर उद्या कौटुंबिक पेन्शनच्या वेळी तिलाच खेटे घालावे लागतात.

शेवटच्या काळात पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे कोर्स असतात: सिक्युरिटी सुपरवायझर, स्टोअर व्यवस्थापन, संगणक, वाहन दुरुस्ती वगैरे. अर्ज युनिटमार्फतच जातो. "आत्ता मनुष्यबळ कमी आहे, पुढच्या वेळी बघू" या उत्तरावर अनेकांचा कोर्स राहून जातो, आणि डिस्चार्जनंतर ती संधी सहसा परत येत नाही. तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. ड्रायव्हर ट्रेडच्या जवानांनी सैन्यातला परवाना आणि सर्व्हिस बुकातली नोंद मुदतीत असतानाच आरटीओत जाऊन नागरी परवान्याचं काम उरकावं.

घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि पत्नीसोबतचा फोटो, या सगळ्याच्या मूळ प्रती आणि छायाप्रतींचे तीन संच न्या. माजी सैनिक ओळखपत्र आणि रोजगारासाठी नाव नोंदवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ओळखपत्र मिळालं म्हणून अनेक जण परत येतात आणि नोकरीच्या यादीत त्यांचं नावच नसतं. बँका किंवा सरकारी कार्यालयं गार्ड, शिपाई अशा पदांसाठी नावं मागवतात तेव्हा ती याच यादीतून जातात. नोंदणीला मुदत असते, म्हणून नूतनीकरणाची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

त्याच आठवड्यात तहसीलमधून किंवा आपले सरकार केंद्रातून अधिवास दाखला काढून घ्या. सोळा-सतरा वर्षं राज्याबाहेर काढलेल्या माणसाकडं नेमका हाच नसतो, आणि राज्याच्या भरतीत माजी सैनिक आरक्षण मागताना तो लागतो. इसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावर पत्नी, मुलं, आईवडील यांची नावं पडली का, तेही बघा. स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर लॉगिन करून मोबाईल नंबर आणि बँक खातं तपासा, पासवर्ड पत्नीलाही सांगून ठेवा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. तो चुकला की पेन्शन थांबते, आणि थांबलेलं पेन्शन मनाची जी अवस्था करतं ती वेगळी सांगायला नको.

पैसा: पहिले सहा महिने मोठा निर्णय नाही

ग्रॅच्युइटी, फंड, विम्याची रक्कम, रजेचा पगार आणि कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून मिळणारी रक्कम, एकदम खात्यावर येतं. गावात बातमी त्याआधीच पोचलेली असते. कुणाला स्लॅब टाकायचा असतो, कुणाला ट्रॅक्टर हवा असतो, कुणी दामदुप्पट योजनेचं माहितीपत्रक घेऊन दारात उभा राहतो.

कम्युटेशनचं गणित नीट समजून घ्या. सैन्यदलात मूळ पेन्शनच्या ५० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, आणि तो १५ वर्षांनी पूर्ववत होतो. समजा मूळ पेन्शन २४,००० रुपये आहे. निम्मं विकलं तर १२,००० गुणिले १२ महिने, आणि चाळिशीच्या आसपास गुणक साधारण ९ धरला तर हातात येतात १२ लाख ९६ हजार. त्यानंतर दरमहा मूळ पेन्शन १२,००० उरतं. महागाई भत्ता मात्र पूर्ण २४,००० वर मिळत राहतो. म्हणजे ही एकरकमी रक्कम बक्षीस म्हणून आलेली नाही, पुढच्या १५ वर्षांचं तुमचंच पेन्शन आगाऊ घेतलेलं आहे. घरात सगळ्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा. "एवढे पैसे आलेत, मग चिंता कसली" हे ऐकावं लागणं बरंच कमी होतं.

सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यावर ठेवा. बाकी रक्कम मुदत ठेवीत टाका. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, हे पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या या जिल्ह्यात विसरू नका. पतसंस्थेच्या ठेवीला तर हे विमासंरक्षणच नसतं. वय ५० झालेल्या निवृत्त सैनिकाला टपाल खात्यात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं उघडता येतं. इतरांना त्यासाठी सहसा ६० पर्यंत थांबावं लागतं. मर्यादा ३० लाखांची आहे. पैसे मागायला आलेल्या नातेवाइकाला "सहा महिने सगळं ठेवीत अडकलंय" असं सांगता येतं, आणि ते खरंही असतं.

सकाळ, झोप आणि घर

फौजेत उठण्यापासून झोपण्यापर्यंत दिवस दुसऱ्यानं आखलेला असतो. तो आराखडा गेला की शरीर मात्र सावधच राहतं, आणि करायला काम नसलं की तीच सावधगिरी धडधड, घाम, चिडचिड होऊन बाहेर पडते. यात भित्रेपणा नाही. वर्षानुवर्षं तयार केलेलं शरीर नव्या जागी जुनंच काम करत असतं.

उठायची वेळ बदलू नका. पाचला उठत होता तर पाचलाच उठा, रविवारीही. तासभर अंग घामाघूम होईल असा व्यायाम करा. रंकाळ्याभोवती धावा, गावच्या तालमीत जा, शेतात राबा, काहीही चालेल, पण रोज. साडेनऊ ते साडेबारा ही नोकरीच्या कामाची वेळ. त्या वेळेत घराबाहेर बसायचं. शहरात असाल तर १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, गावात असाल तर ग्रामपंचायतीचं वाचनालय. घरी बसून अर्ज भरायचं ठरवलं की दळण, गॅस सिलिंडर आणि पाहुण्यांतच दुपार होते.

झोपेचं असं. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा, पेंग आली की परत जा. पडल्यापडल्या मोबाईल बघू नका. दुपारी दोननंतर चहा नको. दुपारी झोपायचंच असेल तर गजर लावून वीस मिनिटं. पहिला आठवडा त्रासाचा जातो, त्यानंतर झोप सलग व्हायला लागते. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच हे सोडून देतात आणि "मला लागू पडत नाही" म्हणतात. निदान दोन आठवडे नेटानं करा.

कँटीनच्या रमबद्दल स्पष्ट लिहितो. दोन पेगनं झोप लवकर लागते हे खरं, पण दारू उतरायला लागली की उत्तररात्री झोप तुटते. पहाटे तीनला धडधडत जाग येण्याचं ते मोठं कारण असतं. त्यावर उपाय म्हणून पुन्हा दारू, असं चक्र चालू होतं. रोज जास्त पिण्याची सवय लागली असेल तर मात्र एका दिवसात बंद करू नका. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असं पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

धडधड अचानक वाढली तर हे करा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून बसा. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या, सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडा. पोट फुगलं पाहिजे, खांदे उचलले जाता कामा नयेत. पाच मिनिटं. चूक होते ती मोठमोठे श्वास भराभर घेण्यात. त्यानं चक्कर आणि बोटांना मुंग्या येतात आणि भीती उलट वाढते. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त हवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. हे रोज सकाळी बरं वाटत असतानाच करा, म्हणजे गरज पडेल तेव्हा अंगवळणी पडलेलं असतं.

काळजी दिवसभर पोखरत असेल तर तिला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी साडेपाच ते पाच पन्नास, वही घेऊन. दिवसा विचार आला की वहीत एका ओळीत टिपायचा आणि साडेपाचला बघायचा. त्या वीस मिनिटांत प्रत्येक ओळीपुढं लिहा, "यावर उद्या मी काय करू शकतो?" उत्तर असेल तर उद्याच्या कामात टाका. नसेल तर ओळ तशीच सोडा.

गर्दी नकोशी झाली असेल तर टाळू नका, पण एकदम गणपतीच्या मिरवणुकीतही शिरू नका. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती मोठी होऊन येते. आधी सकाळी अकराला महाद्वार रोडवर घरच्या कुणासोबत जा. तिथं अर्धा तास थांबा, धडधड निम्म्यावर आल्याशिवाय निघू नका. आठवड्यातून तीन-चारदा असं करा. मग एकट्यानं जा, मग संध्याकाळच्या गर्दीत. फटाके आणि डॉल्बीच्या आवाजानं दचकायला होत असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही.

घरात आणखी एक गोष्ट घडते. इतकी वर्षं बायकोनं घर, शेत, सासूसासऱ्यांचा दवाखाना, मुलांच्या शाळा एकटीनं सांभाळल्या. तुम्ही आल्या-आल्या प्रत्येक गोष्टीत "हे असं का?" विचारलं की ती दुखावते आणि मुलं लांब राहायला लागतात. पहिले तीन महिने फक्त एक काम पूर्णपणे आपल्याकडं घ्या, मुलांना शाळेत सोडणं म्हणा किंवा शेताचं पाणी म्हणा, आणि बाकी ती चालवते तसंच चालू द्या.

कोल्हापुरात काम कुठं आहे

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित, या औद्योगिक वसाहतींत फौंड्री आणि मशीन शॉप आहेत. इचलकरंजीत कापड, जिल्हाभर साखर कारखाने, दूध संघ, दवाखाने, शाळा-कॉलेजं, बँका. ट्रेडनुसार बघा. ईएमईच्या, म्हणजे सैन्याच्या वाहन-यंत्र दुरुस्ती दलाच्या, व्हेईकल मेकॅनिकला प्लांट मेंटेनन्समध्ये जागा असते. सिग्नलवाल्याला सीसीटीव्ही आणि फायबरच्या कामात. क्लार्कला टाइम ऑफिस आणि प्रशासनात, स्टोअर कीपरला स्टोअर आणि डिस्पॅचमध्ये, एमटी (वाहन विभागाच्या) ड्रायव्हरला शाळेच्या बस आणि वाहतूक सुपरवायझरच्या कामात. नर्सिंग असिस्टंटनं हे लक्षात घ्यावं की नोंदणीकृत नर्सच्या पदाला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ती नसेल तर दवाखान्यातली साहाय्यक आणि तांत्रिक पदं बघावीत. कायद्यानं लागणाऱ्या सेफ्टी ऑफिसरच्या पदाचंही तसंच. त्याला ठरावीक पदविका लागते, दोन महिन्यांच्या खासगी प्रमाणपत्राला हजारो रुपये घालू नका.

काम निवडताना मनाची अवस्थाही धरा. फौंड्रीत नॉकआउट (साचा फोडून ओतीव भाग काढणं) आणि फेटलिंगला (तो घासून साफ करणं) आवाज, धूळ आणि उष्णता जबरदस्त असते. आवाजानं दचकणाऱ्यानं तिथं सुरुवात करू नये. स्टोअर, डिस्पॅच, वजनकाटा, गेट ऑफिस या जागा मागाव्यात. झोप अजून बसली नसेल तर पहिले सहा महिने रात्रपाळी टाळा, निदान आठवड्याला बदलणारी शिफ्ट तरी नको. साखर कारखान्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. वजनकाटा, यार्ड, सुरक्षा अशा हंगामी जागा नागरी कामाची चव घ्यायला चांगल्या, कारण मुदत ठरलेली असते आणि सोडून आल्याचा डाग लागत नाही.

सुरक्षा रक्षकाचं काम सगळ्यात लवकर मिळतं, म्हणून फसवणूकही तिथंच जास्त. खासगी सुरक्षा एजन्सीच्या नियमांत नव्या रक्षकाला १०० तास वर्गातलं आणि ६० तास मैदानी प्रशिक्षण लागतं. माजी सैनिकाला ४० तास वर्ग आणि १६ तास मैदान एवढंच. "पूर्ण कोर्सची फी भरा" म्हणणाऱ्याला हे सांगा. हजर होण्याआधी चार गोष्टी विचारा: नेमणूक पत्र देणार का, पीएफचा नंबर कधी मिळणार, ड्युटी आठ तासांची की बारा, आणि जादा चार तासांचे पैसे कोणत्या दरानं. गणवेश आणि "डिपॉझिट" म्हणून आधी पैसे मागणाऱ्याकडं जाऊ नका. महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, आणि डीजीआरकडं नोंदलेल्या एजन्सी यांच्याकडं आधी चौकशी करा. ज्यांना वर्दीशिवाय करमतच नाही त्यांच्यासाठी डिफेन्स सिक्युरिटी कोअर हे संरक्षण आस्थापनांची राखण करणारं दल आहे. तिथं वय आणि डिस्चार्जनंतरचा काळ दोन्ही बघतात, म्हणून तो विचार आधीच करा.

खासगी नोकरी लागली म्हणून पेन्शन बंद होत नाही. ही शंका इतके जण मनात ठेवतात की ती वेगळी लिहिली.

बायोडाटा

"भारतीय सेनेत १७ वर्षे सेवा. शिस्तप्रिय, प्रामाणिक, कष्टाळू." असे बायोडाटे एचआरच्या टेबलावर ढिगानं येतात आणि ढिगातच राहतात. कंपनीला तुमचा हुद्दा कळत नाही, तुम्ही हातानं काय केलं ते कळतं. एका स्टोअरवाल्या हवालदाराच्या ओळी अशा दिसाव्यात (आकडे उदाहरणापुरते):

साहित्य स्टोअरचा ४ वर्षे प्रभारी. हाताखाली ३ जण.
१,२०० बाबींचं लेजर. दर तिमाहीला प्रत्यक्ष मोजणी. सलग ३ तपासण्यांत तूट नाही.
आवक-जावक नोंद, गेट पास, भंगार वेगळं काढून विल्हेवाट.
एक्सेलमध्ये रोजचा साठा अहवाल.

एवढं वाचून कागलच्या फौंड्रीतला स्टोअर मॅनेजर पिग आयर्न, भंगार, वाळू यांचा साठा या माणसाला सोपवता येईल का, ते ठरवू शकतो. हुद्दा, युनिट, पदकं खाली दोन ओळींत. एकच पान. कुठं तैनात होतो, किती मनुष्यबळ होतं, कोणती शस्त्रं होती, हे लिहू नका. गोपनीयता डिस्चार्जनंतरही पाळायची असते. शेवटच्या ओळी खऱ्या असाव्यात म्हणून एमएस-सीआयटी आणि एक्सेल आधीच शिकून घ्या. राज्य सरकारच्या बऱ्याच पदांनाही एमएस-सीआयटी लागतंच. लिपिक-टंकलेखक पदाकडं डोळा असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र हवं, आणि त्याला रोज तासभर सराव करत काही महिने जातात.

अर्ज आठवड्याला पाच, पण नीट बघून. शंभर ठिकाणी एकच कागद पाठवून उत्तर येत नाही, आणि मनाला वाटतं आपल्यात काही कमी आहे. वहीत कंपनी, पद, तारीख, कुणाशी बोललो आणि पुन्हा कधी विचारायचं, एवढे रकाने करा. आठ दिवसांनी एकदा फोन.

मुलाखतीत समोर पंचविशीतला मुलगा बसलेला असतो, हे अनेकांना जड जातं. त्याला "सर" म्हणायला काही हरकत नाही, पण "यस सर, नो सर" एवढ्यावर थांबू नका. त्याला तुमच्या तोंडून काम ऐकायचं असतं. तीन प्रश्न येतातच: फौज का सोडली, आमच्या कामाचा अनुभव नाही मग कसं जमेल, आणि कामगार ऐकत नसतील तर काय कराल. तिसऱ्यावर "ऐकायलाच लावणार" हे उत्तर आलं की जागा गेली. वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत, युनियन आहे. इथं हुकूम चालत नाही, समजावून काम करून घ्यावं लागतं. तसा एखादा प्रसंग फौजेतलाच आठवून ठेवा, दोन मिनिटांत सांगता आला पाहिजे. घरच्या कुणाला समोर बसवून मोठ्यानं पाचदा सराव करा. आदल्या दिवशी त्या गेटपर्यंत जाऊन या, रस्ता आणि वेळ बघा. ऐनवेळी श्वास अडकला तर "जरा विचार करून सांगतो" म्हणून एक लांब उच्छ्वास सोडा. त्यानं कुणी मार्क कापत नाही.

डॉक्टरकडं कधी

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक आणि कामाची इच्छा गेलेली असेल, किंवा जुने प्रसंग महिनाभर स्वप्नात आणि जागेपणी डोळ्यांसमोर येत असतील तर वाट बघू नका. इसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार तज्ज्ञांकडं संदर्भपत्र मिळतं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवता येतं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. उपचारांमुळं पेन्शनला धक्का लागत नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

नैराश्य आणि चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, आणि "गोळीनं उलट त्रास झाला" म्हणून तिथंच सोडणारे खूप. बरं वाटायला लागल्यावरही स्वतःहून बंद करू नका. झोपेची गोळी ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर आणणं मात्र टाळा, त्यांची सवय लागते.

जगायला नको असे विचार येत असतील आणि घरात परवान्याचं शस्त्र असेल तर ते आजच पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडं जमा करा. घरच्यांनीही हे करायला संकोच करू नये. तातडीची वेळ असेल तर ११२, आणि त्या रात्री माणसाला एकटं ठेवू नका.

सरकारी जागा

केंद्राच्या खात्यांत माजी सैनिकांना गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के जागा राखीव असतात. सरकारी बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत हेच प्रमाण १४.५ आणि २४.५. महाराष्ट्राच्या गट क आणि ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं, आहे. वयाचा हिशेब असा: आजच्या वयातून सेवेची वर्षं वजा करा, उरलेलं वय पदाच्या कमाल वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून जास्त नसावं. चाळीस वर्षांचा, सतरा वर्षं सेवा झालेला जवान त्या हिशेबानं तेवीस वर्षांचा. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षं सेवा झालेला माजी सैनिक केंद्राच्या पदवी लागणाऱ्या काही गट क पदांना पात्र ठरतो. त्यासाठीचं प्रमाणपत्र रेकॉर्ड ऑफिसकडून डिस्चार्जच्या वेळीच मागून घ्या.

अग्निवीरांनी मात्र हे नियम आपल्याला लागू आहेत असं धरून चालू नये. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन, इसीएचएस किंवा माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतलं वेगळं आरक्षण आहे, म्हणून वयात असतानाच त्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

शेवटी एक नियम, जो माहीत नसल्यानं लोक चांगली जागा गमावतात. आरक्षणातून केंद्राच्या एका नागरी पदावर हजर झालं की पुढच्या भरतीसाठी माजी सैनिक म्हणून मिळणारं आरक्षण संपतं. पण हजर होण्याआधी ज्या-ज्या पदांना अर्ज केले होते त्यांची तारीखवार यादी तुम्ही हजर होताच स्वयंघोषणेनं कार्यालयाला दिली, तर त्या अर्जांपुरता लाभ टिकतो. खासगी किंवा कंत्राटी नोकरीनं तो जात नाही. म्हणून शिपायाची ऑर्डर हातात पडली आणि बँकेच्या क्लार्कचा निकाल अजून लागायचा असेल, तर वहीतल्या अर्जांच्या रकान्यांवरून ती यादी तयार करा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घेऊन घरी ठेवा.